नांदेडचा बैरागी आणि मुलांचा चित्रपट

मुलांसाठी काढलेल्या चित्रपटाविषयी प्रौढ माणसाने मत द्यावे किंवा नाही, हा प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाही. मुलांचा खाऊ मोठ्यांनी चाखून पाहावा हे युक्तच. पण आपल्या जिभेला तो अगोड लागला एवढ्यावरून त्याची निंदा करणे, किंवा मुले खुशीत आहेत एवढ्यावरून त्याची वाखाणणी करणे, ह्या दोन्ही गोष्टी सारख्याच अविचाराच्या होत. म्हणून अशा बाबतीत आम्ही सहसा मौन पत्करतो. परंतु चित्रपटाचा विषय इतिहास असला, तो इतिहास आपल्याच गावच्या नदीकाठी घडलेला असला, आणि तो पाहून उठलेली मुले आपणांसच प्रश्न विचारू लागली, म्हणजे मौन हा दोष ठरतो. हॅरी बवेजा ह्यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘चार साहिबजादे’ ह्या दोन चित्रपटांविषयी पुढे जे लिहिले आहे, ते ह्या कारणाने लिहिले आहे.

ह्यांतील पहिला चित्रपट ६ नोव्हेंबर २०१४ रोजी पंजाबी, हिंदी व इंग्रजी अशा तीन भाषांत प्रसिद्ध झाला. दुसरा, म्हणजे बंदासिंग बहादूर ह्याच्या उदयाची कथा सांगणारा, ११ नोव्हेंबर २०१६ रोजी आला. बंदासिंगाच्या वधास त्या वर्षी तीनशे वर्षे पुरी झाली होती. योगायोग असा, की त्याच्या तीनच दिवस आधी, ८ नोव्हेंबरच्या रात्री, पाचशे व हजाराच्या नोटा रद्द झाल्या होत्या. लोक बँकांच्या दारांत रांगा लावून उभे होते, आणि चित्रपटगृहाच्या रांगेत उभे राहण्याचे त्राण पुष्कळांच्या खिशांत उरले नव्हते. त्यामुळे ज्या अनेकांनी तो पुढे सवडीने घरीच पाहिला, त्यांत आमचीही गणना करावी. लातूरचे आप्त मुलांसह नांदेडास आले असता दोन संध्याकाळी मिळून आम्ही हे दोन्ही चित्रपट पाहिले.

प्रथम पहिल्या कथेचा विचार करू, कारण तीवाचून दुसरीचा अर्थ लागत नाही. १७०४ च्या डिसेंबरात (काही इतिहासकारांच्या गणनेने १७०५ च्या) गुरू गोविंदसिंगांनी दीर्घ वेढ्यानंतर आनंदपूर सोडले. सुखरूप जाऊ देण्याच्या शपथा मोगल व डोंगरी राजे ह्यांनी घेतल्या होत्या. त्या पाळल्या गेल्या नाहीत. पावसाने फुगलेली सरसा नदी ओलांडताना कुटुंबाची ताटातूट झाली. अजितसिंग व जुझारसिंग हे दोन वडील पुत्र गुरूंबरोबर चमकौरच्या गढीत पोहोचले आणि तेथे लढता लढता पडले. एक अठराच्या सुमाराचा, दुसरा चौदाच्या सुमाराचा. जोरावरसिंग व फतेहसिंग हे दोघे धाकटे आजी माता गुजरी ह्यांच्यासह सरहिंदच्या फौजदाराच्या, वझीरखानाच्या, हाती लागले. मोठा नऊ वर्षांच्या आतबाहेरचा, धाकटा सहाच्या सुमाराचा. धर्म बदलण्यास नकार दिल्यावरून त्यांना भिंतीत चिणण्यात आले आणि त्यांचे प्राण घेण्यात आले. हा आघात सोसून आजीनेही देह ठेवला.

अशी कथा लहान मुलांस दाखवावी काय? ह्यावर सुशिक्षित घरांतून नेहमी एक आक्षेप निघतो, की मुलांचे मन कोवळे असते, त्यावर मरणाचा ओरखडा उठू देऊ नये. आक्षेप मायेपोटी निघतो, म्हणून तो हसण्यावारी नेण्याजोगा नव्हे. तथापि आपल्या घरांतील पूर्वापार वहिवाट काय आहे हे जरा आठवून पाहावे. श्रियाळ आणि चांगुणा ह्यांच्या चिलया बाळाची कथा मराठी आयांनी पिढ्यानुपिढ्या आपल्या मुलांस मांडीवर घेऊन सांगितली आहे. उखळात कांडलेले ते मस्तक मुलांच्या डोळ्यांपुढे उभे करण्यास त्या कचरल्या नाहीत. अभिमन्यूचा चक्रव्यूह आम्ही सर्वांनी वयाच्या सातव्या-आठव्या वर्षीच पाहिला, तो आजीच्या शब्दांत. मुलास मरण कळते. मात्र ते कशासाठी आले हे सांगणारे कोणी जवळ नसले तर ते त्यास भेडसावते.

परंतु चिलया बाळ आणि सरहिंदची बालके ह्यांत एक भेद आहे, आणि तोच पुराण व इतिहास ह्यांतील भेद होय. पुराणात माता हाक मारते आणि बाळ धावत येते. इतिहासात हाक मारली तरी कोणी येत नाही. ह्या ठिकाणी चित्रपट प्रामाणिक राहिला, हा त्याचा आम्हांस दिसलेला पहिला गुण. भिंत उभी राहते, ती कोसळून मुले सुखरूप बाहेर निघत नाहीत. साहसकथेच्या नेहमीच्या रिवाजाप्रमाणे शेवटच्या क्षणी घोडेस्वार येईल, ह्या आशेने आमच्या शेजारचे एक मूल पुढे सरकून बसले होते. घोडेस्वार आला नाही. ते मूल काही वेळ बोलले नाही. नंतर त्याने विचारले की वडील कोठे होते. हा प्रश्न विचारावयास लावणे, ही गोष्ट पाठ्यपुस्तकाच्या अनेक धड्यांस साधत नाही.

महाराष्ट्रीय वाचकास येथे आपल्या इतिहासातील एक मूल आठवल्यावाचून राहणार नाही. १६८९ साली रायगड पडला तेव्हा येसूबाईंबरोबर सात वर्षांचे शाहू महाराज मोगलांच्या कैदेत गेले. तोच बादशहा, तीच सत्ता, आणि वयही जवळजवळ तेच. औरंगजेबाच्या छावणीत शाहू वाढले, बादशहाची कन्या झीनतुन्निसा हिने त्यांची काळजी वाहिली, आणि १७०७ साली सुटून येऊन १७०८ च्या जानेवारीत त्यांनी साताऱ्यास राज्याभिषेक करवून घेतला. सरहिंदेत त्याच सत्तेच्या एका सुभेदारी अंमलदाराने दोन बालकांस अठरा वर्षांचे होऊ दिले नाही. एकाच राजवटीत एक मूल वाचते व दुसरे मारले जाते, ह्यावरून केवळ राजवटीचे नाव घेऊन इतिहास उलगडत नाही. कोणत्या दरबारात त्या घटकेस कोण माणूस बसला होता, तेही पाहावे लागते. मुलांच्या चित्रपटाकडून इतके विवेचन अपेक्षिणे गैर आहे. पण ज्या वडिलधाऱ्यांनी मुलांस तो दाखविला, त्यांच्याकडून ते अपेक्षिणे गैर नाही.

आता ह्या चित्रपटांच्या कारागिरीविषयी. संगणकावर माणसे घडविणे हे काम अवघड आहे, आणि आमच्या मते येथे ते मध्यम प्रतीचे साधले आहे. चेहरे मेणाचे वाटतात. चालण्यात वजन नाही. सैन्यातील एक शिपाई पाहिला म्हणजे शंभर पाहिल्यासारखे होते. परदेशी चित्रपट पाहून डोळा तयार झालेल्या मुलांच्याही हे ध्यानात आले. परंतु एका गोष्टीत ह्या चित्रपटांची मांडणी आम्हांस फार विचारात पाडणारी वाटली. शीख परंपरेत गुरूंची भूमिका कोणी नटाने करावी हे मान्य नाही. ‘नानक शाह फकीर’ ह्या चित्रपटावरून २०१५ साली आणि पुन्हा २०१८ साली केवढा वाद माजला हे अनेकांस स्मरत असेल. ‘चार साहिबजादे’त ही मर्यादा अशा रीतीने पाळली आहे की इतर सर्व पात्रे हलतात, धावतात, लढतात, गुरू मात्र स्थिर चित्राच्या रूपाने येतात. चित्र निश्चल असते आणि कथा पुढे जाते ती शब्दांच्या आधाराने. पहिल्या चित्रपटात निवेदनाचा तो धीरगंभीर आवाज ओम पुरी ह्यांचा आहे.

ही युक्ती कोणास उणीव वाटेल. आम्हांस ती ओळखीची वाटली. गोदावरीच्याच काठी, नांदेडच्या वरच्या अंगास, पैठण आहे, आणि पैठणच्या नावाने ओळखली जाणारी चित्रकथींची चित्रे अनेक संग्रहालयांत जपून ठेवलेली आहेत. चित्रकथी आपल्या पोथीतील एकेक चित्र श्रोत्यांपुढे धरी आणि कथा गाऊन सांगे. चित्रातील राम हलत नसे. सांगणाऱ्याचा स्वर हले, आणि त्याबरोबर ऐकणाऱ्याचे मन हले. चित्राने स्थिर राहावे आणि वाणीने चालावे, ही आमच्या प्रांताची जुनी नाट्यकला होय. पुढे हलत्या चित्रांचा उद्योगही महाराष्ट्रातच प्रथम रुजला. दादासाहेब फाळके ह्यांनी १९१५ च्या सुमारास आगकाड्या हलवून ‘आगकाड्यांची मौज’ दाखविली, आणि १९३४ साली प्रभात कंपनीने ‘जंबूकाका’ हे कोल्ह्याचे व्यंगचित्र काढले. तेव्हा संगणकाच्या ह्या नव्या खेळात जेथे चित्र थांबते, तेथेच तो आमच्या जुन्या परंपरेच्या अधिक जवळ येतो, असे आम्हांस वाटल्यास नवल नाही. पडद्यावर सारा गलबला चालू असता एक मुद्रा तेवढी शांत राहते, आणि मुलांची दृष्टी आपोआप तिच्यावर स्थिरावते. धावत्या चित्रांनी जे साधले नसते, ते थांबलेल्या चित्राने साधले आहे.

असो. आता दुसऱ्या चित्रपटाकडे, म्हणजे नांदेडकडे वळू.

आनंदपुरानंतर गुरू गोविंदसिंगांनी औरंगजेबास ‘जफरनामा’ हे फारसी पद्यपत्र धाडले. ते घेऊन जाणारे शीख महाराष्ट्रातच आले होते, कारण बादशहाचा मुक्काम त्या वेळी अहमदनगरास होता. १७०७ च्या आरंभी बादशहा तेथेच मरण पावला. त्याच्या मुलांत तख्तासाठी झुंज लागली. जून महिन्यात जाजवच्या लढाईत मुअज्जम विजयी होऊन बहादूरशहा झाला. गुरूंनी त्यास साहाय्य केले होते. पुढे धाकटा भाऊ कामबक्ष ह्याचे पारिपत्य करण्यासाठी बहादूरशहा दक्षिणेकडे निघाला, तेव्हा गुरूही आपल्या शिष्यांसह त्याच मार्गाने आले. वझीरखानाच्या कृत्याचा न्याय बादशहाकडून व्हावा, अशी त्यांची अपेक्षा होती असे इतिहासकार सांगतात. न्याय लांबत गेला. १७०८ च्या पावसाळ्याच्या अखेरीस गुरू नांदेडात होते. शाही लष्कर हैदराबादच्या रोखाने जावयाचे होते.

हा भाग मुलांस सांगण्यास कठीण आहे. ज्या सत्तेने पुत्र मारले, त्याच सत्तेच्या नव्या धन्याबरोबर पिता प्रवास करीत आहे, हे मुलांच्या नीतिशास्त्रात बसत नाही. पण राज्यकारभाराच्या जगात न्याय मागावयाचा तो ज्याच्या हाती दंड आहे त्याच्याजवळच मागावा लागतो. आणि मागून मिळाला नाही म्हणजे दुसरा मार्ग शोधावा लागतो. नांदेड हे ह्या दोन मार्गांच्या मधले ठिकाण आहे. तेथे मागणे संपले.

त्याच सुमारास नांदेडच्या घाटावर माधवदास नावाचा एक बैरागी राहत होता. तो मूळचा जम्मूकडील राजौरीचा; जन्म १६७० चा, नाव लछमनदेव. त्यास शिकारीचा नाद होता. परंपरा सांगते की एकदा त्याच्या बाणाने एक हरिणी पडली. ती गाभण होती, आणि तिच्या पोटातील पाडसे त्याच्या डोळ्यांदेखत तडफडून मेली. त्या दृश्याने त्याचे मन उलटले. त्याने धनुष्य टाकले, घर टाकले, नाव टाकले. साधूंच्या संगतीने हिंडत तो नाशिकास पंचवटीत आला, तेथे काही काळ राहिला, योगविद्या व मंत्रतंत्र शिकला, आणि गोदावरीच्या काठाकाठाने खाली उतरत नांदेडास आश्रम करून राहिला. म्हणजे हा पुरुष जन्माने पंजाबचा नव्हे आणि वृत्तीने लढवय्याही उरला नव्हता. आयुष्यातील ऐन उमेदीची वर्षे त्याने आमच्या गोदेच्या तीरावर घालविली. ज्या वेळी त्याची व गुरूंची भेट झाली, त्या वेळी तो अडतीसच्या आतबाहेरचा होता.

त्या भेटीविषयी ज्या कथा आहेत त्या मुलांच्या चित्रपटास आयत्याच लाभलेल्या आहेत. बैरागी बाहेर गेला असता गुरू त्याच्या आश्रमात जाऊन त्याच्या मंचकावर बसतात. शिष्य तेथेच स्वयंपाक मांडतात. बैरागी संतापतो, मंत्रबळाने मंचक उलथविण्याची खटपट करतो, पण मंचक हलत नाही. आणि अखेर तो चरणांवर लोळण घेऊन आपण ‘बंदा’, म्हणजे दास, असल्याचे सांगतो. मंचकाची गोष्ट इतिहासाने मान्य करावी असा आमचा आग्रह नाही. परंतु डॉ. गंडासिंग ह्यांच्यासारख्या साक्षेपी इतिहासकाराने १९३५ साली लिहिलेल्या बंदासिंगाच्या चरित्रातही नांदेडची भेट, दीक्षा आणि त्यानंतरची पाठवणी हा मुख्य सांगाडा कायम आहे. गुरूंनी त्यास आपल्या भात्यातील पाच बाण दिले, निशाण व नगारा दिला, सल्ल्यासाठी बाज सिंग, बिनोद सिंग आदी पाच शीख दिले, सुमारे वीस माणसे बरोबर दिली, आणि पंजाबातील शिखांच्या नावे आज्ञापत्रे दिली. एवढ्या सामग्रीनिशी तो मोगल साम्राज्याविरुद्ध निघाला.

आम्ही ह्या जागी पुष्कळ वेळ थबकलो. ज्या माणसाने पाडसांचे मरण पाहून बाण टाकला, त्याच माणसाने बालकांचे मरण ऐकून पाच बाण उचलले. वरवर पाहता ह्या दोन गोष्टी परस्परविरुद्ध आहेत. खोलात पाहता ती एकच गोष्ट आहे. पहिल्या वेळी अपराधी तो स्वतः होता, म्हणून शस्त्र टाकणे हाच न्याय होता. दुसऱ्या वेळी अपराधी दुसरा होता, आणि त्यास जाब विचारणारे कोणी नव्हते. करुणा एकच, तिने एकदा हात आवरला आणि एकदा उचलला. मुलांस शौर्य शिकवावयाचे असेल तर ते ह्या क्रमाने शिकवावे, असे आमचे मत आहे. ज्यास हरिणीचे दुःख कळले नाही, त्याच्या हातातील बाण म्हणजे केवळ क्रौर्य.

तथापि पुढील इतिहास इतका स्वच्छ नाही, आणि प्रौढाने तो डोळे मिटून वाचू नये. नांदेड सोडल्यावर सुमारे तेरा महिन्यांनी, १७०९ च्या नोव्हेंबरात, बंदासिंगाने समाना घेतले, मग सढौरा, आणि १७१० च्या मे महिन्यात छप्पर चिरीच्या मैदानात वझीरखान मारला जाऊन सरहिंद हाती आले. ह्या शहरांत लूट झाली, कत्तल झाली, आणि ती केवळ अपराध्यांचीच झाली असे म्हणता येत नाही. खाफीखानासारख्या मोगल बखरकाराने त्याजवर ओढलेले कोरडे द्वेषाने ओढलेले आहेत हे खरे. पण रतनसिंग भंगूसारख्या शीख ग्रंथकारानेही बंद्याच्या अहंकारावर बोट ठेवलेच आहे. उलट बाजूस हेही खरे, की त्याने जमीनदारांचा वरचष्मा मोडून कसणारांच्या हाती जमिनी दिल्या. नाणे पाडले ते स्वतःच्या नावाने न पाडता गुरूंच्या नावाने पाडले. आणि १७११ साली कलानौरकडील मुसलमान मोठ्या संख्येने त्याच्या फौजेत दाखल झाल्याची खबर खुद्द बादशाही अखबारांत नोंदलेली आहे. सूडासाठी निघालेला मनुष्य राज्य करू लागला, म्हणजे त्यास सूडापलीकडचे पाहावे लागते. बंदासिंगास ते काही अंशी दिसले होते.

शेवट सर्वश्रुत आहे. १७१५ साली गुरदास नंगलच्या गढीत आठ महिने उपाशीपोटी झुंज देऊन तो पकडला गेला. सातशेंच्या वर कैद्यांसह त्यास दिल्लीस नेण्यात आले. रोज शंभर शिरे उतरविली जात होती. त्या वेळी फर्रुखसियरच्या दरबारी आलेल्या इंग्रज कंपनीच्या वकिलांनी १७१६ च्या मार्चात आपल्या धन्यांस लिहिलेल्या पत्रात, ह्यांपैकी एकानेही धर्म सोडल्याचे ऐकिवात नाही, अशी नोंद केली आहे. त्याच वर्षीच्या जून महिन्यात बंदासिंगाच्या सुमारे चार वर्षांच्या मुलास त्याच्या डोळ्यांपुढे मारले, आणि मग त्याचे हाल करून त्यास ठार केले. कथेचा आरंभ बालहत्येने, आणि शेवटही बालहत्येनेच. तीनच वर्षांत, १७१९ साली, सय्यद बंधूंच्या साहाय्यास गेलेली बाळाजी विश्वनाथाची मराठी फौज दिल्लीत असतानाच ह्या फर्रुखसियरास तख्तावरून ओढून काढण्यात आले. पंजाब आणि महाराष्ट्र ह्यांचे इतिहास आम्ही वेगवेगळ्या वर्गांत शिकतो. दिल्लीच्या रस्त्यांत ते एकमेकांच्या पावलांवरून चालत होते.

आता चित्रपटातील उणे सांगावयाचे तर आमचे मुख्य गाऱ्हाणे हे, की त्यात नांदेडचे नाव आहे, पण नांदेड आम्हांस ओळखू आले नाही. एक नदी आहे, झाडी आहे, आश्रम आहे. असे स्थळ हिंदुस्थानात कोठेही असू शकेल. गोदेचे काळ्या दगडांचे पात्र, काठची काळी जमीन, घाटावरची मराठी बोली, ह्यांपैकी काही नाही. ज्या गावात गुरूंनी १७०८ च्या ऑक्टोबरात, एका पठाणाच्या कट्यारीची जखम पुन्हा उमळून, देह ठेवला आणि ग्रंथासच पुढील गुरू नेमले. जेथे महाराजा रणजितसिंगाच्या आज्ञेने १८३२ ते १८३७ ह्या काळात सचखंडाची इमारत उठली. जेथे आजही गोदावरीचे पाणी घागरींनी वाहून नेऊन त्या स्थानाची सेवा चालते, आणि दसऱ्यास व होळीस हल्लाबोलाची मिरवणूक निघते. त्या गावाची माती चित्रकाराने एकदा येऊन पाहावयास हवी होती. येथील दखनी शीख घरांतून पिढ्यानुपिढ्या मराठी बोलली जाते. ती भाषा ह्या चित्रपटाच्या तीन भाषांत नाही. नांदेडच्या मुलास आपल्या गावची गोष्ट परभाषेत ऐकावी लागली, हे आम्हांस खुपले. ह्यात दोष एकट्या निर्मात्याचा नव्हे. मागणी न करणाऱ्या आमचाही आहे.

दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. पडद्यावर जुलमी कोण आणि जुलूम सोसणारे कोण हे पोषाखावरून ओळखू येते, आणि मुले तेवढेच घेऊन घरी जाण्याचा संभव असतो. नांदेड-लातुरात एकाच शाळेच्या बाकावर सर्व धर्मांची मुले बसतात. तेव्हा ह्या कथेतील आणखी चार माणसे मुलांस घरी पुन्हा समजावून सांगावीत. धाकट्या साहिबजाद्यांस दगा देणारा गंगू हा त्यांच्याच घरचा ब्राह्मण आचारी होता, आणि त्यांच्या वधाची भर घालणारा दरबारी सुच्चानंद हाही हिंदूच, असे परंपरा सांगते. उलट भर दरबारात, ह्या अजाण बालकांचा काय अपराध, असा निषेध करून उठला तो मलेरकोटल्याचा नबाब शेरमहंमदखान. आणि त्याचा स्वतःचा भाऊ गुरूंशी लढताना पडला होता. १९४७ साली सारा पंजाब पेटला असता मलेरकोटल्याच्या मुसलमानांस शिखांनी हात लावला नाही, आणि लोक त्याचे कारण म्हणून नबाबाच्या त्या एका शब्दाकडे बोट दाखवितात. सव्वादोनशेहून अधिक वर्षांनी एका वाक्याची परतफेड झाली. ह्याहून मोठी साहसकथा आम्हांस ठाऊक नाही. तीत तरवार म्यानातून बाहेर पडत नाही, एवढेच.

लातूरच्या मुलांनी साहजिकच विचारले, की आमच्याकडील लढाईचा असा चित्रपट कोठे आहे? प्रश्न रास्त आहे. ३ फेब्रुवारी १७६० रोजी उदगीरच्या मोहिमेत सदाशिवरावभाऊंनी निजामास नमविले. त्या विजयात इब्राहिमखान गारद्याच्या तोफांचा मोठा वाटा होता. वर्ष पुरे होण्यापूर्वीच भाऊ, गारदी आणि अठरा-एकोणीस वर्षांचा विश्वासराव हे तिघेही पानिपतावर खर्ची पडले. उदगीरचा किल्ला अजून उभा आहे. त्याच्या भिंतींत मुलांस सांगण्याजोगे शौर्य आहे, आणि धर्माच्या पोषाखावरून माणूस ओळखू नये हा धडाही आहे. कोणी चित्रकार तो काढील तेव्हा काढील. तोवर सांगणाऱ्याच्या जिभेस कोणी कुलूप घातलेले नाही.

एकंदरीत आमचे मत असे: हे चित्रपट कलेच्या दृष्टीने मध्यम, इतिहासाच्या दृष्टीने अपुरे, परंतु हेतूने प्रामाणिक आहेत, आणि मुलांस मरणापासून लपवून न ठेवण्याचे धैर्य त्यांत आहे. ते मुलांबरोबर बसून पाहावेत, एकट्या मुलांस पाहू देऊ नयेत. चित्रपट संपल्यावर जी निःशब्द पाच मिनिटे जातात, ती त्याचा उत्तम भाग होत, आणि त्या पाच मिनिटांत वडीलधारे माणूस जवळ असावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मुलांस बंदा घाटावर घेऊन गेलो. तेथे आता गुरुद्वारा आहे, घाट बांधून काढलेला आहे, आणि नदीस त्या दिवशी पाणी बेताचेच होते. सचखंड एक्सप्रेसने आलेले पंजाबी यात्रेकरू पायऱ्यांवर बसले होते. जी वाट चालून, माणसे जमवीत समान्यास पोहोचावयास बैराग्याला तेरा महिने लागले, ती त्यांनी सुमारे दीड दिवसात ओलांडली होती. आमच्यातील सर्वांत धाकट्याने त्यांच्यातील एका आजोबांस विचारले, की ते पाच बाण कोठे आहेत. आजोबांस मराठी येत नव्हती. त्यांनी मुलाच्या डोक्यावर हात ठेवला आणि नदीकडे पाहिले.